उसना देव

आमच्या घराच्या भिंतीवर महादेव पाच दिवस होता. आम्ही ख्रिस्ती, तेही आजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यापासूनचे, म्हणजे तीन पिढ्यांचे. तरी त्या पाच दिवसांत दारात डालड्याच्या डब्यात तुळस होती, उंबऱ्यावर हळदीकुंकू होतं आणि आमचा क्रूस ट्रंकेत गोधड्यांखाली पडला होता. हे सगळं माझ्यासाठी चाललं होतं. आणि मी लाज वाटून घ्यायचं सोडून त्या तुळशीला इमानदारीत पाणी घालत होते.

कशासाठी, ते आधी सांगते. मला शिक्षिका व्हायचं होतं. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली होती. बारावीला मला बरे मार्क पडले आणि डी.एड.च्या यादीत नाव आलं. त्या काळात आमच्या कोल्हापुरात डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे नोकरी, लग्न आणि घराण्याचा उद्धार एकाच दिवशी झाल्यासारखं होतं. गल्ली पेढे मागून गेली. पण नंबर लागला होता राखीव जागेवर, आणि खरं बघता ती जागा माझी नव्हती.

आमच्या मूळ जातीला ज्या सवलती आहेत, त्या माणूस ख्रिस्ती झाला की तशाच राहत नाहीत. त्याला दुसऱ्या यादीत जावं लागतं आणि तिथं गर्दी फार. म्हणून आमच्याकडे कितीतरी घरांत एक रीत पडून गेली होती. चर्चमध्ये एक नाव, शाळेत दुसरं. रविवारी एक धर्म, दाखल्यावर दुसरा. माझं हे पहिलीत नाव घालतानाच झालं. हेडमास्तर भले गृहस्थ होते. ते पप्पांना म्हणाले, "पोरीचं नुकसान कशाला करताय? जुनंच लिहू या की." पप्पांनी मान हलवली. तेव्हापासून मी सोमवार ते शनिवार एका नावाला 'हजर' म्हणायचे आणि रविवारी दुसऱ्या नावानं गाणी म्हणायचे. कधी कुणी रस्त्यात चर्चमधल्या नावानं हाक मारली आणि बरोबर वर्गातली मैत्रीण असली, तर मी ऐकूच आलं नाही असं दाखवून पुढं जायचे.

यात सगळा दोष आमचाच होता, असं मी आजही म्हणणार नाही. आजोबांनी देव बदलला, पण गावानं त्यांचा चहाचा कप काही बदलला नाही. तो वळचणीला खोचलेला, तो तिथंच राहिला. त्रास जुनाच आणि सवलत मात्र गेली, हा कुठला न्याय, असं आमच्याकडची मोठी माणसं म्हणायची, आणि ते मला पटायचं. अजून पटतं. पण न्याय मागणं वेगळं आणि भिंतीवर खोटा देव टांगणं वेगळं, हे कळायला मला ते पाच दिवस लागले.

यादीनंतर पत्र आलं. जातीच्या दाखल्याची पडताळणी करायला चौकशीचे साहेब या आठवड्यात घरी येतील. कुठल्या दिवशी, ते लिहिलं नव्हतं.

पत्र वाचून आईनं पहिलं काम केलं ते गल्लीच्या कोपऱ्यावरून मामांना फोन लावायचं. आईचे हे थोरले भाऊ पेठ वडगावला राहायचे. एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांची नोकरी जुन्या नावावरच लागली होती. त्यांच्या कचेरीत त्यांचं चर्चमधलं नाव एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. नाताळला ते 'पाहुणे आलेत' असं सांगून रजा टाकायचे. मामा दुसऱ्याच दिवशी आठवड्याची रजा टाकून एम-एटी गाडीवर बसून आले, ते नाटकाचे दिग्दर्शक होऊनच.

"दाजी, हे बघा," ते पप्पांना म्हणाले, "साहेब आत आला की पयली नजर भिंतीवर जात्या. भिंतीवर देव पायजे. दारात तुळस पायजे. आनि तुमी काय बोलू नकासा. बोलायचं ते मी बोलतो."

पप्पांना गप्प राहायला सांगायची गरजच नव्हती. ते उद्यमनगरात लेथवर टर्नर होते आणि घरी आले की बोलणं कारखान्यातच ठेवून आल्यासारखे बसायचे. त्यांच्या हातचा जॉब परत येत नाही अशी त्यांची ख्याती होती. मापाला सूतभर जरी फरक असला, तरी ते तो बाजूला ठेवायचे. मग मालक कितीही ओरडो. त्या दिवशी मात्र त्यांनी स्टुलावर चढून क्रूस काढला, फडक्यानं पुसला आणि आईच्या हातात दिला. खाली उतरून ते चपला घालून बाहेर गेले.

क्रूस निघाला, पण भिंतीवर त्याची जागा राहिली. बाकीचा चुना धुरानं पिवळा पडलेला आणि मधोमध पांढराशुभ्र क्रूस, आधीपेक्षा जास्त ठसठशीत. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "आता हेला झाकायला देव बी मोठा बघा."

मोठा देव शेजारच्या अक्कांकडे होता. अक्का लिंगायत, माहेर निपाणीकडचं, घरचं किराणा दुकान. वयानं आईपेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, गुडघ्यांनी हैराण आणि तोंडानं फटकळ. त्यांच्या सोप्यात महादेवाची काचेची मोठी तसबीर होती. आईनं चाचरत मागितली. कारण खरं ते सांगितलं; अक्कांना खोटं सांगायची कुणाची छाती नव्हती.

"पोरीच्या शिक्षणाचं हाय न्हवं? मग घेऊन जा की," अक्का म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात?"

महादेव आमच्याकडे आला. क्रूसाची खूण झाकली गेली, फक्त खालचं टोक वीतभर उरलं. तिथं आईनं खुंटीला पिशवी अडकवली. मामांनी लांब उभं राहून बघितलं आणि पास केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का भिंतीला धरत धरत आमच्या दारात. हातात ताटली, तिच्यात बेलाची पानं, विभूती, फुलवात. तसबिरीकडे बघून त्या थांबल्या.

"दिवा न्हाय लावला?"

आईनं मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "अक्का, हे तेवढ्यापुरतंच हाय ओ."

"तेवढ्यापुरतं तुमचं. देव काय तेवढ्यापुरता असतोय व्हय?" अक्का चपला काढून आत आल्या. "तुमी त्येला नाटकात घ्या न्हाईतर कशात बी घ्या. माझ्या घरातनं आलाय, उपाशी न्हाई ऱ्हानार."

आणि त्यांनी आमच्या घरात, आमच्या बायबल ठेवायच्या फळीवर दिवा ठेवून, महादेवाची रीतसर पूजा केली. आई डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी. हात जोडावेत की नाही ते तिला कळेना, म्हणून ती पदराचं टोक दोन्ही हातांनी धरून राहिली. मला हसू येत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. अक्कांचा एक देव होता आणि त्याला दिवा लावायला त्या दुखऱ्या गुडघ्यांनी चालत आल्या होत्या. आमचा देव ट्रंकेत होता आणि त्याला भेटायला आमच्यापैकी कुणी दोन पावलं गेलं नव्हतं. त्या दिवसापासून जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा आमच्या घरात बंद झाली. तशी कुणी ठरवून केली नव्हती. त्या दिव्यासमोर डोळे मिटायला सगळ्यांनाच अवघड वाटायचं.

तिसरा दिवस, चौथा दिवस. साहेबांचा पत्ता नाही, अक्का मात्र रोज हजर. चौथ्या दिवशी पूजा झाल्यावर त्या खाली बसल्या आणि गुडघे चोळत मला म्हणाल्या, "उद्या मला माहेरला जायाचं हाय. तेवढं फूल घाल आनि दिवा लाव. करशील न्हवं?"

"लावीन की," मी म्हणाले. आणि वर शहाणपणा केला, "साहेबांना काजळी दिसली पाहिजे ना."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "तुझ्या देवाला बी फसवालीस, माझ्या देवाला बी फसवालीस. मग ह्यात तू कुठं हैस गं, बाळे?"

त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, म्हणूनच ते लागलं. मला त्यांचा भयंकर संताप आला. मनात म्हटलं, तुमचं काय जातंय, तुमचं दुकान आहे, तुमचा महादेव तुम्हाला कुणी लपवायला सांगितलेला नाही. दिवसभर मी भांडी आपटली. पण राग उतरला तरी प्रश्न उतरेना. मी मुलांना शिकवणार होते. खरं बोला म्हणून फळ्यावर सुविचार लिहिणार होते. आणि ज्या खडूनं तो लिहिणार, तो खडूच मी खोटं बोलून मिळवणार होते.

पाचव्या दिवशी सकाळी फुलं नव्हती. बेल कुठं मिळतो ते मला माहीत नव्हतं. अक्कांना शब्द दिला होता. तेव्हा मी दारातल्या डब्यातली तुळस खुडली, पानं धुतली आणि मनापासून, अगदी नीट ओळीनं, महादेवाच्या तसबिरीवर लावली. दिवा लावला. वाईट दिसत नव्हतं.

नऊच्या सुमाराला साहेब आले. मला वाटलं होतं कुणी मिशीवाला, दरडावणारा असेल. हे तर काखेत फाईल मारलेले, घामेजलेले, चपलेचा अंगठा तुटलेले गृहस्थ. पाणी मागितलं, खुर्चीवर टेकले. मामांनी सांगितल्याप्रमाणे त्यांची पहिली नजर भिंतीवर गेली आणि तिथंच राहिली.

"महादेवाला तुळस?" ते म्हणाले.

आम्ही चौघंही एकमेकांकडे बघायला लागलो. खरंच सांगते, चूक काय झाली ते आमच्यापैकी एकालाही कळलं नव्हतं. महादेवाला बेल वाहतात आणि तुळस विष्णूची, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हाला नव्हतं. तीन पिढ्या आम्ही दुसरीकडे गात होतो, तर कळणार कुठून!

मामा सावरले. "लेकरू हाय साहेब. गडबडीत चुकलं."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना सगळं कळलेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी पेन काढलं आणि माझ्याकडे वळून, अगदी सोपा करून, प्रश्न विचारला. "पूजा रोज तूच करतेस ना, बाळ?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मामा माझ्याकडे बघून डोळ्यांनी 'हो' म्हणत होते. आईनं पदराचं टोक धरलं होतं. त्या 'हो'मध्ये माझी शाळा होती, माझा वर्ग होता, पगार, सगळं होतं.

"नाही," मी म्हणाले. "हा देव शेजारच्या अक्कांचा आहे. आम्ही चर्चला जातो."

मामांनी 'हां हां' करत हात वर केला. साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "मी अजून काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "तुझ्या वयात माणूस घाबरून काहीबाही बोलून जातं. मी चहा घेतो. चहा झाला की परत विचारतो."

आईनं चहा केला. साहेबांनी तो मुद्दाम सावकाश प्यायला. आयुष्यात मला कुणी एवढा लांब वेळ दिलेला नाही आणि एवढा वाईटही. पहिल्यांदा मी बोलले ते तोंडातून निसटल्यासारखं होतं. आता विचार करायला वेळ होता आणि विचार करत गेले तशी माझी हिंमत पातळ होत गेली. मी पप्पांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. महादेवाकडे नाही, त्याच्याखालच्या त्या खुंटीला अडकवलेल्या पिशवीकडे.

साहेबांनी कप खाली ठेवला. "हं. सांग आता."

"मघाशी सांगितलं तेच," मी म्हणाले. "आम्ही ख्रिस्ती आहोत."

तेव्हा पाच दिवसांत पहिल्यांदा पप्पा बोलले. "ल्ह्या साहेब. पोरगी म्हनत्या तसंच ल्ह्या. पयलीत नाव घालताना मान मी हालवलीती. चूक माझी हाय, तिची न्हाय." आणि उठून त्यांनी ती पिशवी खुंटीवरून काढली.

साहेबांनी लिहिलं. जाताना उंबऱ्यात थांबून त्यांनी मला दुसरा कागद कुठं मिळतो, आमच्यासारख्यांना कुठल्या यादीत धरतात, नाव बदलायला काय काय लागतं, ते सगळं सांगितलं. "यंदाचं वर्ष गेलं," ते म्हणाले. "पण वर्षच गेलं."

मामा जेवलेही नाहीत. गाडीला किक मारता मारता आईला म्हणाले, "म्हंजे तुझी लेक खरी आनि आमी समदे खोटं. असंच न्हवं?" आई रडायला लागली. मामांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी माझ्यापुरतं बोलले होते, पण चटका त्यांना बसला होता. त्या जुन्या नावावर त्यांनी घर चालवलं होतं, बहिणीचं लग्न केलं होतं. पुढं वर्षभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत.

संध्याकाळी अक्का माहेरहून परतल्या. तुळशीचं ऐकून आधी त्या पोट धरून हसल्या. "अय्यय्यो, म्हादेवाला तुळस! कुटं फेडशील गं हे पाप!" मग जागा गेल्याचं ऐकलं आणि त्यांचं हसू तिथंच थांबलं. "माझ्या बोलन्यानं गेली व्हय गं?" असं दोनतीनदा विचारलं. मी नाही म्हटलं, हो म्हटलं, आणि त्यांच्या गळ्यात पडून जी रडले ती थांबेचना. तसबीर पप्पांनी स्वतः, कोऱ्या धोतरात गुंडाळून, त्यांच्या घरी पोचवली.

ते वर्ष मी चर्चच्या आवारातल्या बालवाडीत शिकवलं आणि उरलेल्या वेळात कचेऱ्या पालथ्या घातल्या. खोटं नाव लिहायला हेडमास्तरांना अर्धं मिनिट लागलं होतं. खरं लिहायला मला अकरा महिने लागले. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, शाळेचा दाखला, प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "अहो बाई, असलेली सवलत सोडून उलटं कशाला चाललाय?" दोन साक्षीदार लागत होते. एक आमच्या चर्चचे पाळक. दुसऱ्या अक्का. कचेरीचे दोन जिने त्या गुडघ्यांनी चढून आल्या, कपाळाला विभूतीचे ठळक पट्टे. कारकुनानं पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "ही पोरगी ख्रिश्चन हाय. मला ठावं न्हाय तर कुनाला? महादेवाला तुळस घालत्या ती!"

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. पहिल्या यादीत नाव नाही. दुसऱ्या यादीच्या दिवशी पप्पांना सुट्टी मिळेना, म्हणून मी एकटीच गेले. फाटकात एम-एटी लावून मामा उभे होते. आईनं फोन केला असणार. ते माझ्याशी बोलले नाहीत, नुसते पुढं झाले आणि फळ्यासमोरच्या गर्दीत घुसले. मी मागं थांबले. मला बघवत नव्हतं.

आणि मग मला माझं नाव ऐकू आलं. चर्चमधलं. मामा ते वाचत होते, बोट फळ्यावर ठेवून, टाचा उंचावून, खणखणीत आवाजात, त्या सगळ्या अनोळखी माणसांच्या मधोमध. एकदा वाचलं. परत वाचलं, आडनावासकट. ज्या माणसानं उभ्या जन्मात चार लोकांत असलं एक नाव तोंडातून काढलं नव्हतं, तो ते ओरडत होता आणि लोक वळून बघत होते.

गर्दीतून ते बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून मला विचारलं, "कसं वाटतंय गं, एकच नाव असल्यावर?"